तेलाचा डाग

"आधी बरं, की आता?" मी काच बदलून विचारलं. बँकेत कॅशियर असलेल्या बाई चाचणीची जड फ्रेम नाकावर तोलत समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होत्या. चार महिने त्यांचं डोकं दुखत होतं आणि त्या चार महिन्यांत मी दोनदा त्यांचा नंबर तपासला होता. "आता," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू आलं. "खरं सांगू का, रागावणार नसाल तर? डोकं काही तुमच्या नंबराने थांबलं नाही. आपल्या सभागृहात बायकांच्या बाजूला, तिसऱ्या खांबाजवळ भिंतीवर तो डाग आहे बघा, तिथे दोनदा डोकं टेकलं आणि थांबलं. हल्ली सगळ्याजणी टेकतात. हात लावतात, मग तोच हात डोळ्यांना लावतात. एखादीला त्यात चेहरा दिसतो म्हणे. मला नाही बाई दिसला. पण मला काय करायचंय चेहऱ्याशी, डोकं थांबल्याशी मतलब!" मी 'बरं' म्हणालो. पुढची काच डब्यातून काढली, फडक्याने पुसली, परत ठेवली, आणि पुन्हा तीच काढून पुसली. मी आमच्या पंथाच्या समितीचा अध्यक्ष. मूर्ती, चित्र आणि फोटो यांच्या मनाईवर चोवीस पानांची पुस्तिका लिहिलेला माणूस. त्या माणसासमोर बसून ही बाई भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज हे सांगत होती. पण माझा हात काही त्यामुळे अडखळला नव्हता. तो डाग माझ्या बायकोच्या डोक्याचा होता.

ती गेली त्याला अकरा महिने झाले होते. तिला पाठीचा त्रास होता, म्हणून सभागृहात ग्रंथाचा पाठ चालू असताना ती मागे भिंतीला टेकून बसायची, नेहमी तिसऱ्या खांबाच्या डाव्या हाताला. बावीस वर्षं. केसांना तेल बेताचंच लावायची, पण बावीस वर्षांचं बेताचं तेल भिंतीत मुरलं की त्याचा वाटीच्या तोंडाएवढा डाग होतो, मध्ये गडद आणि कडेला पिवळट. ती असताना तो मला कधी दिसला नाही, कारण तो कायम तिच्या डोक्यामागे असायचा. ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी दुपारी सभागृह उघडून पंखे तपासत होतो, किल्ली माझ्याकडे असते, आणि सहज मान वळवली तर भिंतीवर तिचं डोकं होतं. डोकं नव्हे, डोकं जिथे असायचं ती उंची. मी पंखा बंद केला. बसल्यावर ती भिंतीवर कुठवर येते हे मला तोवर माहीत नव्हतं. आता कळलं, आणि कळून काय करायचं ते कळेना. मग मी रोज दुपारी जाऊ लागलो. एक ते चार दुकान बंदच असतं. पुरुषांच्या बाजूला माझ्या जागी बसायचं आणि तिकडे बघायचं, एवढंच. हात एकदाच लावला, असं मी स्वतःला सांगत आलो. एकदाच नाही. कपाळही टेकलं आहे. वासही घेतला आहे, आणि भिंतीला नुसता चुन्याचा वास येतो हे कळल्यावर तिथेच फरशीवर बसून हुंदके देऊन रडलो आहे. त्या दिवशी दुकान उघडायला मला सव्वाचार झाले.

आमच्यात मूर्ती नाही हे लोकांना माहीत असतं; फोटोही नाही म्हटलं की ते चमकतात. आमच्या लग्नात फोटो काढणारा नव्हता. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे मुलांच्या चेहऱ्यात तिला शोधायचीही सोय नाही. सरकारी कामापुरता फोटो चालतो, तेवढा एक अपवाद, आणि त्यालाही मीच पुस्तिकेत सतराव्या पानावर वेसण घातलेली: काम संपलं की फोटो ठेवू नये. तिच्या ओळखपत्रावर तसा एक फोटो होता, तिकिटाएवढा. त्यात ती जराशी चिडलेली दिसायची, कारण काढणाऱ्याने तिला तीनदा हनुवटी वर करायला सांगितलं होतं. ती गेल्यावर नवव्या दिवशी मी ते ओळखपत्र रद्द करायला घेऊन गेलो. महिन्याची मुदत होती, पण मी नवव्याच दिवशी गेलो. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, फोटो तेवढा कापून देऊ का? बाकीचे नेतात." मी म्हणालो, "नको. काम संपलं त्याचं." त्याने कात्रीने ओळखपत्राचे चार तुकडे केले आणि शेजारच्या टोपलीत टाकले. मी पोचपावती घडी करून खिशात घातली आणि पायऱ्या उतरलो, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. अशा दिवसांतही आपला पाय घसरला नाही याचं बरं वाटत होतं. नंतर त्या टोपलीतून ते चार तुकडे मी मनातल्या मनात किती वेळा उचलले त्याला गणती नाही. एकदा तर खरंच त्या कचेरीपर्यंत गेलो. खिडकीत दुसराच कारकून होता, टोपलीही नवी होती.

चेहरा आठवत नाही असं नाही. आठवतो, पण सुटा सुटा. चष्मा काढल्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या खुणा आठवतात. तिच्या डोळ्यांचा नंबर आठवतो, उजव्याचा वेगळा, डाव्याचा वेगळा. भुवईतला एक केस कायम उलटा असायचा, तो आठवतो. पण सगळं एकत्र आणायला गेलो की मधला भाग वितळतो आणि त्या जागी दिवसभरात दुकानात येऊन गेलेल्या कुणाचा तरी चेहरा येऊन बसतो. दिवसाला मी वीस-पंचवीस चेहरे वीतभर अंतरावरून बघतो, धंदाच तसा आहे. पुस्तिकेत मी लिहिलंय की, ज्याला आठवायचं आहे त्याला चित्र लागत नाही. वाक्य चांगलं आहे. ते लिहिताना ती शेजारच्या खोलीत होती, कपाटाचं दार उघडत होती, आवाज येत होता.

तिला माझ्या कडकपणाचं हसू यायचं. "आपली भाषा बघा," म्हणायची, "जागोजाग देव बसलेत तिच्यात, त्यांना कुठे हाकलणार आहात?" एकदा मला परगावाहून यायला फार उशीर झाला. दार उघडताच ती म्हणाली, "कधीची देव पाण्यात घालून बसलेय मी!" मी चपला काढता काढता म्हणालो, "कुठले देव? आपल्या घरात देव आले कुठून?" "तुमच्या काचांच्या डब्यातले," ती म्हणाली, "प्लस-मायनस सगळे घातले." आणि अशी हसली की मलाही हसावं लागलं. मी हसलो की तिला जिंकल्यासारखं वाटायचं, म्हणून मी बेताने हसायचो. तिची श्रद्धा माझ्यापेक्षा कमी होती असं कुणी समजू नये. तिचा आवाज कमी होता. मी समितीत भांडून आलो की ती कुणाकडे तरी जाऊन यायची, चहाला म्हणून, शिवण टाकायला म्हणून. कुठे जाते हे मी विचारत नसे. माझ्यामागून माझी सांडलवंड गोळा करत ती फिरत असावी, हे आता सुचतं.

कॅशियर बाई गेल्यावर खरं तर मला शिंप्याची आठवण यायला हवी होती. आली, पण मी तिला उंबऱ्यातच उभं केलं, आत घेतलं नाही. नऊ वर्षांपूर्वी शिंप्याची सात वर्षांची मुलगी तापाने गेली. एकुलती एक. दोन-अडीच महिन्यांनी आमच्या समितीतल्या मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की, शिंपी पाठाच्या पुस्तकात मुलीचा फोटो ठेवतो आणि पाठ चालू असताना फोटोकडेच बघत बसतो. शाळेने परीक्षेच्या कार्डासाठी काढलेला फोटो होता तो. समितीपुढे त्याला बोलावलं आणि मीच बोललो. तासभर बोललो. चित्राकडे बघणारा, ज्याचं चित्र आहे त्याच्याकडे बघेनासा होतो, हे सांगितलं. चित्र माणसाला एका दिवशी थांबवून ठेवतं, आणि गेलेल्याला असं थांबवून ठेवायचा आपल्याला हक्क नाही, हेही सांगितलं. आणखी एक मुद्दा होता, तो आता आठवत नाही. तेव्हा तोच मला सर्वांत आवडला होता. शिंपी उभ्याने ऐकत होता. कामावरून तसाच आला होता, कॉलरला सुया टोचलेल्या होत्या. माझं संपल्यावर तो 'बरं' म्हणाला आणि गेला. पुन्हा सभागृहात आला नाही. रागावला, असं मी धरून चाललो. घरी फोटो भिंतीला लावून बसला असेल. रागावेना का, रुसव्याफुगव्याने नियम बदलत नसतात. त्या संध्याकाळी जेवताना बायको ताटातला भात नुसता चिवडत होती. मग म्हणाली, "तुमचं बरोबर आहे." मी मान वर केली नाही. "बरोबर असणं तुम्हाला फार सोपं जातं हो," असं म्हणून ती पाणी आणायला उठली. पाण्याचा जग समोरच होता, काठोकाठ भरलेला. पुढे माझे शर्ट ती त्याच शिंप्याकडे शिवायला टाकत राहिली. मी चौकशी केली नाही. शर्ट अंगाला बसत होते.

आठवड्याभरात मुख्याध्यापकांचा अर्ज आला. आता ते निवृत्त आहेत, पण अक्षर अजून फळ्यावरचं. 'बायकांच्या बाजूच्या भिंतीवरील डागाची पूजा होत असून ती भिंत तातडीने रंगवावी.' समितीची बैठक ठरली. बैठकीच्या आदल्या दिवशी मेहुणी दुकानात आली. चष्म्याची काडी सैल झाली होती म्हणे. काडी चांगली घट्ट होती. मी उगाच स्क्रू फिरवत बसलो. "भावोजी," ती म्हणाली, "तिथे कोण बसायचं ते मला माहीत आहे. ताईच्या ओळीतल्या दोघी गेल्या, एक मुलाकडे राहायला गेली. उरले मी. पुढे बसणाऱ्यांनी कधी मागे वळून बघितलं नाही, आणि या नव्या बायकांना काय ठाऊक! कुणी म्हणतं पन्नास वर्षांपूर्वीची पुण्यवान बाई, कुणी म्हणतं डाग आपोआप उमटला. तुम्ही समितीत एक वाक्य बोला. माझ्या बायकोच्या केसांचं तेल आहे म्हणा. उद्यापासून एक हात लागणार नाही तिथे." "आणि मग?" मी विचारलं. "मग काय, डाग तो डाग. घासून टाकतील, नाहीतर रंग मारतील." मी चष्मा पुसून तिच्या हातात दिला. ती तो न घालताच बसून राहिली. तिचे डोळे बहिणीसारखे नाहीत, मी अकरा महिन्यांत ते शंभरदा तपासलं होतं. "तुम्हाला तो हवाय," ती म्हणाली. प्रश्न नव्हता, तरी मी मान हलवली. "मग मी नाही कुणाला सांगत," ती म्हणाली आणि दारापर्यंत जाऊन वळली. "पण भावोजी, लोकांनी हात लावलेला चालेल तुम्हाला?" मी म्हणालो, बघू.

समितीत आम्ही पाचजण. मुख्याध्यापक आणि हार्डवेअरवाले रंग द्यावा या बाजूचे, डॉक्टरीणबाई आणि वकील देऊ नये या बाजूचे. म्हणजे ओझं येऊन पडलं माझ्यावर. मुख्याध्यापकांनी माझीच पुस्तिका उघडून माझंच वाक्य वाचलं: आज हात, उद्या फूल, परवा दिवा. डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "अहो, भिंत आहे, तेलकट झाली. तुम्ही घाईघाईने रंग दिलात तर लोक म्हणतील, काहीतरी होतं म्हणूनच झाकलं." हार्डवेअरवाले अनुभवी माणूस. म्हणाले, "तेलावर साधा रंग धरत नाही. दोन महिन्यांत डाग परत वर येतो." माझ्या जीवात जीव आला. "म्हणून आधी तेल अडवणारा प्रायमर मारायचा," ते म्हणाले, "मग वर कितीही वर्षं जाऊ देत, काही दिसणार नाही. सामान मी देतो." मला रंगाचा रोलर दिसला, ओला, जड, तिच्या डोक्यावरून खालपासून वर जाणारा. सगळे माझ्याकडे बघत होते. खरं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, पाच शब्दांचं. त्याऐवजी मी म्हणालो, "आपल्या ग्रंथात मनाई कशाला आहे ते नीट बघू या." आणि बोलू लागलो. ग्रंथ म्हणतो करू नका. घडवू नका, कोरू नका, रंगवू नका. जे माणसाच्या हातून, मनात धरून केलं जातं त्याला मनाई आहे. जे आपसूक होतं त्याला नाही. झाडाच्या बुंध्यावर गाठ येते, ढगात आकार दिसतो, भिंतीला डाग पडतो. त्याला पुसायला निघालो तर आपण भिंतीलाच मूर्ती मानल्यासारखं होईल. मूर्तीला इतकं भिणंही एक प्रकारची पूजाच की. मी वीस मिनिटं बोललो. आयुष्यात इतकं चांगलं कधी बोललो नव्हतो. मधेच मला वाटलं, हा मुद्दा खरा आहे, डाग बायकोचा नसता तरी मी हाच मांडला असता. मुख्याध्यापकांनी पुस्तिका मिटली आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत असं कुणी उलगडून सांगितलं नव्हतं. मी अर्ज मागे घेतो." त्यांचे डोळे पाणावले होते. भला माणूस. त्यांच्या भलेपणाची मला त्या क्षणी भयंकर चीड आली.

घरी चालत येताना पहिल्या चौकापर्यंत मी खुशीत होतो. दुसऱ्या चौकात, पादचाऱ्यांचा दिवा लाल असताना, शिंपी उंबऱ्यातून आत आला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण मी लोकांवर किती वेळा फेकली असेल. दिवा हिरवा झाला, माणसं मला वळसा घालून पलीकडे गेली, पुन्हा लाल झाला. परीक्षेच्या कार्डावरचा फोटो. तोही कुणी पूजेसाठी केला नव्हता. मुलगी खुर्चीवर बसली, उजेड पडला, तिचा चेहरा कागदावर राहिला. ढगापेक्षा, भिंतीपेक्षा, तेलापेक्षाही आपसूक. नऊ वर्षांपूर्वी हा मुद्दा माझ्याकडे नव्हता असं नाही. मला त्याची गरज लागली नव्हती, इतकंच.

ठराव आठवड्याच्या सभेत वाचून दाखवला आणि फलकावर लावला. 'केलेले निषिद्ध, झालेले नाही,' हे लोकांना फार आवडलं. ज्या बायका आजवर चोरून हात लावत त्या उघड लावू लागल्या. रांग लागली. मुख्याध्यापकांच्या पत्नीही टेकून गेल्या. दुपारी मी गेलो की आता दोघीतिघी आधीच बसलेल्या असत, आणि मी पुरुषांच्या बाजूला पंख्याची कळ दाबून बघितल्यासारखं करून परत फिरत असे. महिन्याभराने एका दुपारी सभागृह रिकामं मिळालं. मी पलीकडे गेलो. डाग ताटाएवढा झाला होता. त्याची कड कुठे संपते ते कळत नव्हतं, खाली हातांचे चकचकीत पट्टे ओघळले होते, वर कुणा उंच बाईच्या डोक्याचा आणखी एक डाग येऊन मिळाला होता. चार प्रकारच्या तेलांचा वास येत होता. तिची उंची आता सांगता येत नव्हती. मी बोटाने अंदाजाने एक जागा धरली, मग ती सोडून दुसरी धरली. रंग दिला असता तर रंगाखाली ती राहिली असती, वाटीएवढी, जशीच्या तशी, आणि कुठे आहे हे मला माहीत असतं. मी वाचवायला गेलो, आणि सगळ्या गावाने मिळून तिला पुसून टाकलं, भक्तिभावाने. कुणाला दोष देणार? मी रडलोही नाही. किल्ली लावली आणि दुकानात आलो.

त्याच दिवशी, चार वाजता शटर वर केलं तर पायरीवर शिंपी उभा होता. नऊ वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते, कॉलरला सुया तशाच. "सुईचं नेढं दिसत नाही हल्ली," तो म्हणाला, "हाताने चाचपून किती दिवस ओवणार?" मी त्याला आतल्या चाचणीच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं, जड फ्रेम नाकावर चढवली. जवळचं वाचायचं कार्ड पुढे केलं तर म्हणाला, "मला वाचायचं नाही, ओवायचं आहे." आणि कॉलरची सुई काढून हातात धरली. खिशातून दोऱ्याचा तुकडा काढला. मी काचा घालत गेलो. आधी बरं, की आता? आता. आणि आता? हे जरा मोठं होतंय, आधीचंच बरं. दोरा पहिल्या झटक्यात आत गेला. त्याने फ्रेम काढायला हात वर केला नाही. सुई धरून तसाच बसून राहिला. काचांमागे त्याचे डोळे मोठे दिसत होते.

"ठराव ऐकला," तो म्हणाला. "आमच्या घरमालकीणबाई येतात तुमच्याकडे, त्यांनी सांगितलं. केलेलं चालत नाही, झालेलं चालतं."

"हो."

"चांगला मुद्दा आहे." मी त्याच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता. "फोटो तरी मी कुठे केला होता? शाळेने रांगेत बसवून सगळ्या पोरांचे काढले, मला ठाऊकही नव्हतं. तेव्हा हे सुचलं नाही ना तुम्हाला?"

"नाही सुचलं," मी म्हणालो. मग घाईने, जणू वेळ हातातून निसटत होता, म्हणालो, "तुम्ही तो घेऊन या आता. पुस्तकात ठेवा, मांडीवर ठेवा, मी समितीत बोलतो. सगळ्यांसमोर माझी चूक झाली म्हणतो. उद्याच या."

"कुठला आणू?" शिंपी म्हणाला. "जाळला ना."

मी काचांच्या डब्याचं झाकण लावलं. "कधी?"

"त्याच दिवशी. तुमच्याकडून गेलो तो घरी जाऊन जाळला. बायको पाया पडत होती, नको म्हणत होती. मी तिला म्हटलं, ते शिकलेले आहेत, त्यांनी विचार केला असेल, पोरीचं भलं असेल त्यात." तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता, कामाची गोष्ट सांगावी तसं सांगत होता. "रागावून यायचा बंद नाही झालो मी. पुस्तक उघडलं की तेच पान उघडायचं, आणि तिथे काही नसायचं. म्हणून नाही आलो."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमच्या बाईंना सांगितलं होतं. तुमच्या शर्टाचं कापड घेऊन आल्या होत्या तेव्हा. बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, यांना नका सांगू, यांना झोप लागायची नाही."

मी समोरच्या तक्त्याकडे बघत होतो. सगळ्यात खालची ओळ मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, पण ती पाठ आहे. पुढची आठ वर्षं ती माझ्या शेजारी झोपत होती. मला झोप लागत होती. सकाळी उठून मी पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या करायचो आणि ती चहा आणून ठेवायची आणि तिला हे माहीत असायचं. मला ओरडावंसं वाटलं, कुणावर ते कळेना. "तो डाग तिचा आहे," मी म्हणालो. "सभागृहातला. माझ्या बायकोचा. ती तिथे टेकून बसायची. मला पहिल्यापासून माहीत होतं. तो मुद्दा ग्रंथासाठी नव्हता. मला तो डाग हवा होता म्हणून मी बोललो."

शिंपी काहीही म्हणाला असता तरी मला ते हवं होतं, चपलेने मारलं असतं तरी चाललं असतं. त्याने ओवलेली सुई कॉलरला टोचली आणि दोरा बोटाने सरळ केला. "मग राहू दे," तो म्हणाला. "कुणाचं तरी राहू दे."

आता त्यातही काही राहिलेलं नाही, हे मी त्याला सांगू शकलो नाही. बाहेर कुणीतरी काउंटरवर येऊन हाक मारून गेलं. खोलीत फक्त तक्त्यामागचा दिवा चालू होता. नऊ वर्षांपूर्वी जे विचारायला हवं होतं ते विचारायला मला तोंड नव्हतं, तरी विचारलं. "मुलगी दिसते का तुम्हाला? चेहरा आठवतो?"

"चेहऱ्याचं नका विचारू," तो म्हणाला. "माप आठवतं. छाती चोवीस. खांदा दहा. बाही पाच, तिला लांब बाही आवडायची नाही, टोचते म्हणायची. फ्रॉकची लांबी सव्वीस. खाली तीन इंच दुमडून ठेवायचो, वाढत्या अंगाची पोर म्हणून. शेवटच्या फ्रॉकचे तीन इंच तसेच राहिले."

"उंची?"

तो खुर्चीवरून उठला. फ्रेम नाकावर तशीच होती, जवळच्या काचांतून त्याला जमीन धूसर दिसत असणार. त्याने तळहात आडवा धरला, जरा वर नेला, थांबला, मग बोटभर खाली आणला. "एवढी," तो म्हणाला. मी त्याच्या हाताखाली बघितलं. मी बघत होतो तोवर त्याने हात हलवला नाही.